‘घाशीराम’ला मुखवटा नको, मृदंग हवा

लांजा:
‘घाशीराम कोतवाल’ हे विजय तेंडुलकरांचे नाटक आजच्या प्रेक्षकासाठी करायचे तर गाणी निम्मी करावीत, संगीत ध्वनिमुद्रित वापरावे आणि त्यातल्या नाना फडणवीसाला, पेशव्यांच्या कारभाऱ्याला, आजच्या पुढाऱ्याचा मुखवटा चढवावा, असे काल इथे लिहिलेले वाचले आणि राहवले नाही. १९७२ साली पुण्यात हे नाटक आले, तेव्हा नाना पेशवाईतलाच होता. तरीही १९ प्रयोगांनंतर ते थांबवावे लागले. मुखवट्यावाचून तेव्हा जे झोंबले, ते आज झोंबणार नाही, असे आपण कशावरून धरता? ओळीने उभे असलेले ब्राह्मण पाठ फिरवतात आणि त्यांचाच पडदा होतो. शेवटी तीच माणसे जमाव होऊन नानाने कोतवाल केलेल्या घाशीरामाच्या जिवावर उठतात. राजकारण माणसांच्या त्या भिंतीत आहे आणि ती भिंत तालावर डुलते. शिमग्यात नमन-खेळे, हे आपले कोकणातले नाचगाण्याचे लोकनाट्य, पाहिलेल्यांना हे सांगावे लागू नये.

चिपळूण:
काल लिहिणारा मीच. आम्ही ही भिंत उभी करायला निघालो, तेव्हा तालमीला सात जण येत. बाकीचे नोकरीसाठी मुंबईला. त्यात प्रयोगाच्या दिवशी पेटीवाला तापाने आडवा झाला आणि तिकिटांचे पैसे परत करावे लागले. माझी नववीतली मुलगी विचारते, नाना फडणवीस कोण? तिच्यासाठी मुखवटा हवा. नाव घ्यायला भिऊन राजकीय नाटक होत नाही.

गुहागर:
ध्वनिमुद्रित संगीताचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या मृदंग आहे. एका मंडळाने मला महिनाभर तालमीला बसवले आणि प्रयोगाच्या चार दिवस आधी ‘ट्रॅक मिळाला, आता येऊ नका’ असा निरोप धाडला. तो प्रयोग मी तिकीट काढून पाहिला. एका वाक्याला टाळ्या पडल्या, नट थांबला, ट्रॅक थांबला नाही. पुढची सगळी पावले चुकली. मी असतो तर तालाची दोन आवर्तने जास्त वाजवून त्याला सांभाळून घेतले असते. आपल्या दमट हवेत मृदंगाचे चामडे उतरते, त्यावरची कणीक पुन्हा लावावी लागते, हा त्रास आहेच. पण मृदंग नटाकडे बघून वाजतो.

चिपळूण:
काका, तो अपमान मी केलेला नाही, त्याचा राग माझ्यावर काढू नका. वादकांचे मानधन आणायचे कुठून, ते सांगा.

लांजा:
दिव्यांच्या भाड्याला पैसे निघतात आणि मृदंगाची वेळ आली की हात आखडतो, हे मी प्रत्येक मंडळात पाहिले आहे. मुलीचा प्रश्न मात्र रास्त आहे. सुरुवातीला सूत्रधाराने नाना कोण, कोतवाली म्हणजे काय, हे चार वाक्यांत सांगावे. एवढे मान्य करते. मुखवटा चढवलात, की प्रेक्षक त्या एका माणसाला हसून घरी जाईल. तो नसेल, तर प्रत्येकाला आपल्या गावचा नाना आठवेल, आणि घाशीरामासारखा स्वतःच्या मुलीच्या मोबदल्यात अधिकार मिळवणारा बापही.

चिपळूण:
ट्रॅकचा हट्ट सोडतो, पावले चुकलेली आम्हीही पाहिली आहेत. मुखवट्याचे मला अजून पटलेले नाही.

गुहागर:
एस.टी.चे भाडे आणि दोन वेळचे जेवण द्या, मृदंग घेऊन येतो. मुखवटा ठरला, तर मात्र वाजवणारा दुसरा बघा.