शंभर वर्षांपूर्वी घाटाखाली वळवलेले पाणी आज कुणाचे?

उजनीकाठ:
मुळशी, ठोकरवाडी, वळवण, शिरवता, लोणावळा. ही धरणे भीमा खोऱ्यात आहेत, पण त्यांत अडवलेले पाणी भीमेला मिळत नाही. ते घाटाखाली उतरते, भिरा, भिवपुरी आणि खोपोलीची जनित्रे फिरवते आणि कुंडलिका, उल्हास, पाताळगंगेतून समुद्राकडे जाते. भीमा ही कृष्णेची उपनदी; टाटांच्या या प्रकल्पांसाठी कृष्णा पाणी लवादाने धरलेले पाणी वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. इकडे दुष्काळी वर्षी भीमेवरचे उजनी धरण उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात जाते आणि आमच्याकडची माणसे पाइपाला पाइप जोडत ओसरत्या पाण्यामागे धावतात.

कंपनीने वीज करू नये असे मी म्हणत नाही. खोपोलीचे केंद्र १९१५ पासून चालते, ते काम मोठेच आहे. पण हे पाणी कुठे जायचे हे इंग्रज सरकारने ठरवले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ‘सार्वजनिक हित’ या नावाखाली खासगी कंपनीला दिल्या. १९२१ मध्ये मुळशीकर ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. त्यानंतर स्वराज्य आले, संयुक्त महाराष्ट्र झाला, पण पाण्याची दिशा तीच राहिली. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी यातले निदान ५ टीएमसी भीमेत सोडावे आणि बुडालेल्या विजेची भरपाई सरकारने द्यावी, एवढीच मागणी आहे.

निवृत्त अभियंता:
तुमची तळमळ समजते, पण वीज म्हणजे फक्त युनिट नव्हेत. औष्णिक संच थंड पडला तर पुन्हा तापवायला तास न् तास जातात, पाण्यावरचा संच काही मिनिटांत भार घेतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर आली. अशा वेळी शहर पुन्हा उभे करायला हेच संच लागतात. दुसरे असे, की कंपनी मनाला येईल तो दर लावत नाही. खर्च आणि परतावा वीज नियामक आयोग तपासतो, आणि यातली वीज बेस्टच्या ग्राहकांनाही मिळते. ‘खासगी’ हा शब्द उच्चारला की लूट सिद्ध झाली असे होत नाही.

कोयनेचा:
मालकीवरच बोलायचे तर कोयनेकडे बघा. धरण सरकारचे, वीजनिर्मिती सरकारी कंपनीची. तिथेही वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे. वीज करून झाल्यावर अवजल वाशिष्ठीत जाते आणि त्यातले बहुतेक समुद्राला मिळते. धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसतात. आमच्या घरात ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आजोबांपासून नातवापर्यंत आला आहे. उद्या सरकारने मुळशी ताब्यात घेतली तर भीमेला पाणी सुटेल, यावर माझा विश्वास नाही.

वीजग्राहक, डोंबिवली:
कोयनेच्या आधारावर खासगीची बाजू घेणे मला पटत नाही. दाभोळचा खासगी वीज प्रकल्प विसरलात का? एन्रॉन कंपनीशी करार झाला, रद्द झाला, पुन्हा झाला, आणि शेवटी २००१ मध्ये वीज मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले. कोयनेच्या फायली निदान विधानसभेत मागता येतात. सरकारी मालकी नीट चालवता येत नाही म्हणून ती सोडून देणे हे उत्तर नव्हे.

उजनीकाठ:
@कोयनेचा, दादा, तुमचे म्हणणे लागले. खरेच, मालकी बदला असे मी म्हणतच नाही. जनित्र कुणाचेही असो, पाण्याचा हक्क दर काही वर्षांनी लोकांसमोर तपासला जावा.

@निवृत्त अभियंता, हिशेबच करू. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. सुमारे ५०० मीटरवरून एक घनमीटर पाणी पडले की एक-सव्वा युनिट वीज होते. म्हणजे टीएमसीला तीन-सव्वातीन कोटी युनिट, पाच टीएमसीला साधारण १६ कोटी. युनिटला ५ रुपये धरले तर ८० कोटी रुपये. दुष्काळाच्या एका वर्षासाठी राज्याला हे जड आहे का?

निवृत्त अभियंता:
आकडा बरोबर आहे, पण वाटेतला हिशेब राहिला. मुळशीतून सोडलेले पाणी पुण्यातून जाणार, शहराचे सांडपाणी घेणार. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात मुरेल, वाटेत उपसले जाईल. पाचातले उजनीत किती पोचेल?

रोहेकर:
आमचे कुणी विचारणार का? भिऱ्याचे अवजल डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्याने शेतात येते. उन्हाळी भात त्यावरच होतो. धाटावची औद्योगिक वसाहत, कोलाडचा राफ्टिंगचा धंदा, सगळे कुंडलिकेवर. पाणी ‘समुद्राकडे जाते’ असे तुम्ही सहज लिहिता, ताई. समुद्राच्या आधी आम्ही आहोत.

उजनीकाठ:
चुकले माझे. ते वाक्य मी मागे घेते. पण मग हेही सांगा. २०२३ मध्ये राज्याने टाटा पॉवरबरोबर शिरवता आणि भिवपुरी इथल्या २,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. उदंचनात तेच पाणी वर चढते आणि खाली उतरते. मग संध्याकाळच्या मागणीसाठी नवे पाणी घाटाखाली सोडायची गरज कमी होईल ना? वाचलेले पाणी पूर्वेला द्या ही अट आत्ताच का घालू नये?

निवृत्त अभियंता:
पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, हे धरून चला. पण अट घालता येईल, हे मान्य. करार नवा असताना घातली तरच ती टिकते.

रोहेकर:
मग त्याच कागदावर दुसरी ओळही हवी. डोलवहाळच्या कालव्याला उन्हाळ्यात किती पाणी सोडणार, तो आकडा लिहा. तो आधी दाखवा, मग मी तुमच्या ५ टीएमसीवर सही करतो.