एल्कला क्रीडमूर म्हणजे छळ? मग माझंही ऐका

गुनिसनकर: नवख्यांसाठी: एल्क म्हणजे अमेरिकेतलं भलंमोठं हरीण, ६.५ क्रीडमूर हे बंदुकीचं हलक्या धक्क्याचं काडतूस आणि ३०० विन मॅग, म्हणजे मॅग्नम, हे जोरदार धक्क्याचं. परवा या फोरमवर एकाने फर्मावलं: "एल्कवर ६.५ क्रीडमूर म्हणजे जनावराचा छळ. ३०० विन मॅग झेपत नसेल त्याने घरी बसावं." त्यावर सतरा जणांचे अंगठे, म्हणजे लाइक! कोलोरॅडोचा नियम वाचलाय का कोणी? एल्कसाठी किमान ८५ ग्रेन वजनाची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंडांचा जोर. क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी तिथे साधारण दुप्पट जोर ठेवून असते. तीन माद्या पाडल्यात मी तिने, सगळ्या २०० यार्डांच्या आत. शेवटची मादी गोळी लागल्यावर तीसेक पावलं चालली, चरायला घालावी तशी मान खाली घातली आणि पुढचे गुडघे टेकून बसली. संपलं.

त्याआधी चार वर्षं मॅग्नमच वापरायचो. पहिल्याच मोसमात धक्क्याने बंदुकीवरच्या दुर्बिणीने भुवई फोडली, तीन टाके. पुढे बार उडायच्या आधीच डोळे मिटायला लागले. एका नराच्या पोटात गोळी गेली, तो सापडलाच नाही. मग छळ कोणी केला, काडतुसाने की माझ्या मिटलेल्या डोळ्यांनी?

मोंटाना_मामा: त्या सतरातला एक अंगठा माझा. मादी वेगळी, ३०० किलोचा नर वेगळा. तो तुमच्यासाठी आडवा उभा राहत नाही, तिरका असतो, पुढे खांद्याचं हाड. माझ्या जोडीदाराने ३८० यार्डांवरून क्रीडमूर झाडली. बर्फावर रक्ताचा थेंब नाही. दोन दिवस माग काढला, तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवला.

गुनिसनकर: ३८० यार्डांवरून! दोष काडतुसाचा की हौसेचा?

थर्टी_ऑट_सिक्स: १९०६ पासून आमचं जुनं .३०-०६ काडतूस मुकाट काम करतंय. १९२५ ला .२७० काडतूस आलं, पुढे शिकारीवर लिहिणारे दोघे, जॅक ओकॉनर हलक्या वेगवान गोळीच्या बाजूने आणि एल्मर कीथ जाड गोळीच्या बाजूने उभे. जन्मभर भांडले, मिटलं नाही. तुम्ही मिटवणार?

खिमावाली: काडतूस काहीही घ्या हो, शिशाची गोळी नको. मागच्या दिवाळीत खिम्यात माझ्या दाताखाली कण आला, मुलीच्या ताटातही तोच खिमा. २००८ ला नॉर्थ डकोटात दान आलेलं हरणाचं मांस शिशापायी फेकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद. तांब्याची वापरा.

मोंटाना_मामा: कॅलिफोर्निया आली मध्ये! तिथे शिशाने मरणाऱ्या गिधाडांचा, म्हणजे कोंडोरचा प्रश्न होता. तांबं कडक, आत शिरून उमलायला, म्हणजे पसरायला, वेग लागतो. लांबवर क्रीडमूरचा वेग ओसरला की नुसतं भोक पाडून जाईल.

खिमावाली: मग जवळून मारा. आणि जखमेभोवतीचं मांस हातभर कापून टाका म्हटलं की "वाया जातं" म्हणणारे तुम्हीच ना?

थर्टी_ऑट_सिक्स: तांब्याच्या गोळ्यांच्या डबीचा भाव बघितलाय? सराव कशाने करायचा, बोरांनी?

खिमावाली: सहा हजारांची दुर्बीण परवडते, डबी नाही!

विदर्भवासी: तुमचं बरंय. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक भिंतीवर आणि रानडुकरं तुरीत. भांडा सावकाश.

गुनिसनकर: विषय क्रीडमूरचा होता, मंडळी.

मोंटाना_मामा: बरं बाबा. मादी असेल, २०० यार्डांच्या आत आडवी असेल, वारा पडलेला असेल आणि गुनिसनकरांनी चष्मा पुसला असेल, तर चालेल क्रीडमूर. खूश?

गुनिसनकर: खूश. तुम्हीही मॅग्नम आणा, फक्त आधी टेकू न घेता १०० यार्डांवर पाच बार मारून दाखवा. ताटलीएवढ्या जागेत.

मोंटाना_मामा: खांदा दुखतोय सध्या.

खिमावाली: कशाने दुखतोय, ते विचारत नाही. यंदा आमच्या घरची डबी मी आणणार, तांब्याची. नवऱ्याला कळवलंय.