मदत हवी आहे: एकाच घरातली दोन पोरं, स्वभाव दोन टोकांचे

आम्ही देवगडचे. थोरला १३ चा, धाकटी ९ ची. एकच घर, तेच बांगड्याचं तिखलं, तरी पाहुणे आले की थोरला माळ्यावर जाऊन बसतो आणि ही बया बंदरावर लिलावात भाव विचारून येते. सासूबाई म्हणतात रक्तातच असतं, पण आईबापाकडून आलेले जीन्स सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्केच जुळतात ना, आणि प्लोमिन-डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्येच लिहिलंय की एका घरात वाढूनही प्रत्येकाच्या वाट्याला येणारं वातावरण वेगळं असतं. मला तर पटतं, थोरल्याच्या वेळी हे बोटीवर असायचे, हिच्या वेळी घरी. आता शाळेतपण "बहिणीकडून शिक" चालू झालंय, तो अजूनच गप्प. कोणाकडे असं आहे का? त्याला जरा ढकलू की राहू दे तसाच?