पेन्शन ५५ ला सुरू करावी की ५८ पर्यंत थांबावं? माझं मत : थांबा

तापीकाठचा, जळगाव
आमची डाळमिल दिवाळीनंतर बंद पडली. घरी बसलेल्यांत बरेच जण पन्नाशी ओलांडलेले. टपरीवर रोज एकच विषय, पेन्शन मागायचा १०-डी फॉर्म भरून मोकळं व्हायचं का? ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ ला बसते. नोकरी सुटली असेल तर ५० नंतर कधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितकी दर वर्षाला ४ टक्के कपात. काल एक जण म्हणाला, "आता कमी घेऊ, ५८ ला फुल होईलच." नाही होत भाऊ! ती कपात कायमची. आपल्यामागे बायकोला मिळते ती आपल्या चालू पेन्शनच्या निम्मी, म्हणजे तिचेही पैसे आजच कापले जातात. हातपाय चालतात तोवर दुसरं काम बघा, पेन्शनला हात लावू नका.

धुळेकर
दादा, कळकळ पटते, पण हिशेब मांडा. ५८ ला ३,००० बसत असतील तर ५५ ला साधारण २,६५० मिळतील. तीन वर्षांत ९५ हजार हातात. पुढे महिन्याला साडेतीनशे कमी, म्हणजे तो फरक फिटायला २२ वर्षं. ऐंशीपर्यंत आधी घेणाराच फायद्यात! वर या पेन्शनला महागाई भत्ता नाही. माझ्या वडिलांच्या पासबुकात पहिल्या महिन्याला जो आकडा होता तोच शेवटपर्यंत राहिला. तेलाचा डबा मात्र कुठल्या कुठे गेला. आमच्याकडे म्हणतात तसं, हातमा शे तेच आपलं.

तापीकाठचा, जळगाव
ऐंशीचा हिशेब बरोबर आहे, मान्य. पण ते ९५ हजार एकरकमी येत नाहीत. महिन्याला २,६५० येतात आणि किराण्यात जातात. माझी बायको माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. तिला १,५०० ऐवजी १,३२५ मिळतील. पावणेदोनशे रुपयांत तिच्या बीपीच्या गोळ्या महिनाभर येतात. मी तो फरक सोडणार नाही.

रावेरची ताई
माझे मालक थांबले होते. मिल सुटल्यावर भर मे महिन्यात एका गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायचे, पत्र्याच्या केबिनमध्ये, ओला रुमाल डोक्यावर. पीएफ कापत नव्हते तिथे. ५७ व्या वर्षी गेले. मला विधवा पेन्शन लागली, पण त्यांनी स्वतः एक रुपया पाहिला नाही. त्या दोन वर्षांत आम्ही शेकडा तीन रुपये व्याजानं पैसे उचलले. ते मी अजून केळीच्या बागेत मजुरी करून फेडतेय. भाऊ, घरात कर्ज असताना थांबायला सांगू नका.

भुसावळकर
ताईंच्या बोलण्यात मुद्दा आहे : नवीन कामावर पीएफ कापतात का? कापत असतील तर जुन्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरवर, सेवा वाढते. पेन्शन म्हणजे सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षं भरून ५८ ला निवृत्त झालं की दोन वर्षं वाढीव धरतात, म्हणून १८-१९ वर्षं झालेल्यानं घाई करू नये. साडेनऊ वर्षं झाली असतील तर ती दहा धरली जातात, पेन्शनचा हक्क बसतो. ५८ नंतर ६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढतातही, पण धुळेकरांच्या हिशेबानं ते फिटायला चौऱ्याऐंशी उजाडेल. मी तरी ५८ च्या पुढे एक दिवस थांबणार नाही.

तापीकाठचा, जळगाव
ताई, तुमचं वाचून गप्प झालो. व्याजानं पैसे काढून थांबायचं, हे मी कुणाला सांगणार नाही. टपरीवरच्या दोघांवर तसंच कर्ज आहे, त्यांचे फॉर्म सोमवारी मीच भरून देतो. माझ्यावर कर्ज नाही. एका चटई कारखान्यात पीएफसह काम मिळतंय, मी थांबतोय.

धुळेकर
थांबा दादा. पण तिथली पहिली पगार स्लिप आली की पीएफचा रकाना स्वतः बघा.