मदत हवी आहे: आईसाठी सुवासिक फुलांचे कंद, घरात आणि दाराशी (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आई फेब्रुवारीत आमच्याकडे येते आहे, पाडवा करूनच परत जाईल. काचबिंदूमुळे तिची नजर बरीच गेली आहे. रंग धूसर दिसतात, वास मात्र सगळ्यांच्या आधी तिला येतो. साताऱ्याच्या घरी दारात निशिगंध आणि मोगरा आहे, सकाळी उठली की आधी तिकडे जाते. इथे तेव्हा बाहेर बर्फ असणार. ती असेपर्यंत घरात सतत काहीतरी घमघमत राहावं, आणि थंडी सरली की दाराशीही, अशी फार इच्छा आहे.

हायसिंथचे कंद आणलेत, निळा 'डेल्फ्ट ब्लू' आणि पांढरा 'कार्नेगी'. शिवाय पेपरव्हाइट (नर्गिसाचा पांढरा, सुवासिक प्रकार). हायसिंथला १२ ते १४ आठवडे थंडी लागते हे वाचलंय. ती कमी पडली की काय होतं ते शेजारी पाहिलं: दांडा वर आलाच नाही, तुरा पानांच्या बेचक्यात रुतून बसला आणि वरची फुलं न उमलताच तपकिरी पडली. आईच्या वेळी असं व्हायला नको.

कंद फ्रिजमध्ये ठेवू की गराजमध्ये? गराजला हीटिंग नाही. फ्रिजमध्ये कायम सफरचंदं असतात. पेपरव्हाइटचा वास काहींना सहन होत नाही म्हणतात, आईला चालेल का? आणि दाराशी काय लावू? माती चिकण आहे, खारींचा सुळसुळाट आहे, हरणंही येतात.

प्रतिसाद १

ताई, आधी फ्रिजचं सांगते. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने कंदाच्या आतली कळी मरते. दुसरं त्याहून महत्त्वाचं: हायसिंथचा कंद थेट लाल कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. आई स्वयंपाकघरात हाताने चाचपून वस्तू घेत असतील तर कंद तिथे नकोतच. सालीने हातालाही खाज सुटते, लावताना मोजे घाला.

गराज उत्तम. ऑक्टोबरच्या मध्यात कुंडीत लावा, कंदाचं टोक मातीच्या जरा वर राहू दे. पाणी घालून खोक्यात अंधारात ठेवा. ३५ ते ४८ फॅरनहाइट हवं. कडाक्याच्या रात्री घराच्या भिंतीला लागून सरकवा आणि जुनी गोधडी गुंडाळा, माती गोठून दगड होता कामा नये. दर दोन आठवड्यांनी एक कुंडी लावलीत तर फुलंही तशीच पाठोपाठ येतील. पहिली कुंडी जानेवारीच्या मध्यात बाहेर काढा, पण लगेच उन्हात किंवा हीटरजवळ नको. साधारण ६० डिग्रीच्या खोलीत, कमी उजेडात ठेवा. कोंब दोनेक इंच वाढून हिरवा झाला की खिडकीत. तिथून दोन-तीन आठवड्यांत फुलतो. दांडा आखूड वाटला तर कागदाचा शंकू करून थोडे दिवस वर ठेवा, उजेडाकडे ओढ घेत तो उंच होतो.

प्रतिसाद २

पेपरव्हाइटला थंडी नको, खडे आणि पाणी पुरे. पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकंच, नाहीतर कुजतो. चार ते सहा आठवड्यांत फुलतो, म्हणजे जानेवारीत लावलात तरी चालेल. वासाबद्दल: त्यात इंडोल नावाचं वासाचं द्रव्य असतं, तेच मोगऱ्यातही असतं. मला वाटतं तुमच्या आईंना आवडेल, फक्त त्यांच्या झोपायच्या खोलीत नको, बंद खोलीत फार उग्र होतो.

पेपरव्हाइट उंच होऊन आडवा पडतो. कॉर्नेल विद्यापीठाने यावर प्रयोग केलेत: कोंब एक-दोन इंचाचा झाला की साध्या पाण्याऐवजी सुमारे ५ टक्के अल्कोहोलचं पाणी घालायचं. एक भाग व्होडकाला सात भाग पाणी. उंची तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी होते, फुलं तेवढीच येतात.

दाराशी ट्यूलिप लावू नका, खारी आणि हरणं ठेवणार नाहीत. डॅफोडिलला दोघंही तोंड लावत नाहीत. सुवासिक हवा तर 'थालिया' किंवा 'चिअरफुलनेस' घ्या. सोबत हायसिंथ. जमीन गोठण्याआधी सहा-आठ इंच खोल लावा. चिकण मातीत पाणी साचतं, म्हणून कंपोस्ट घालून वाफा उंच करा. हायसिंथ एप्रिलमध्ये फुलेल. पाडवा मार्चमध्ये आला तर बाहेरची फुलं गाठणार नाहीत, त्या दिवसासाठी गराजमधली एक कुंडी राखून ठेवा.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ च्या लेखिकेचा)

हो, हे बरोबर. ताई, गराजमध्ये थर्मामीटर ठेवून आठवडाभराचे रात्रीचे आकडे इथे टाका, मग कुंड्या कुठल्या भिंतीला लावायच्या ते सांगते.