भयकथा लिहून पोट भरतं का? करार, टोपणनाव आणि रावेर-यावलची पार्श्वभूमी

रातपाणी:
दिवाळी अंकांना भयकथा पाठवायच्या आहेत, पुढे संग्रहही काढायचा आहे. बऱ्याच कथा जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या, केळीची बाग आणि रात्री पाणी भरायला जाणारा माणूस. संवाद अहिराणीत ठेवलेत, उदा. "कोन शे रे तठे?" (कोण आहे रे तिथे?). विचारायचं असं: नोकरी सोडून यावर घर चालेल का? करारात काय बघायचं? आणि घरच्यांचा ओढा टोपणनावाकडे आहे, त्यात काही गोची?

सोळापानी:
नोकरी सोडू नका. हिशेब बघा. तीन हजार शब्दांच्या चौदा कथा म्हणजे 42,000 शब्द. डेमी आकाराच्या पुस्तकाच्या पानावर 260 च्या आसपास शब्द बसतात, म्हणजे साधारण 160 पानं, छपाईच्या भाषेत सोळा पानी दहा फॉर्म. किंमत 250 आणि रॉयल्टी 10 टक्के धरली तर प्रतीमागे 25 रुपये. पाचशेची आवृत्ती झाडून खपली तरी साडेबारा हजार, तेही हप्त्याहप्त्याने. शिवाय रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रेत्याचं कमिशन वजा जाता, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. 40 टक्के कमिशन वजा केलं की तुमच्या 25 चे 15 होतात. भांडणं बहुतेक इथेच होतात.

रत्नाकर मतकरी 1978 पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. गूढकथा, नाटकं, बालनाट्य सगळं ती सांभाळून. तुम्हाला रोज 400 शब्द जमले तर कच्चा खर्डा साडेतीन महिन्यांत होतो, रात्र जागवायची गरज नाही.

अंकांचं म्हणाल तर 'धनंजय', 'नवल' हे या प्रकारचे हक्काचे. दिवाळीचा विचार दिवाळीत करून उपयोग नाही, कथा जूनपर्यंत गेली पाहिजे. एकच कथा दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक कायमचे तुटतात.

कलम एकोणीस:
करारापुरतं बोलतो. कॉपीराइट कायदा 1957 नुसार हक्क तोंडी देता येत नाहीत, लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं छापील वाक्य दिसलं की ते खोडा. पुस्तकाचे, ऑडिओचे, भाषांतराचे आणि पडद्याचे हक्क वेगवेगळे लिहा. भयकथेत खरा पैसा कधी आलाच तर या शेवटच्या दोनतीन रकान्यांतून येतो. 2018 च्या 'तुंबाड' चित्रपटामागे भयकथाकार नारायण धारपांची एक कथा आहे, आणि धारप गेले 2008 साली.

यातच घरच्यांचा मुद्दा येतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे धारपांच्या लेखनाचे 2068 अखेरपर्यंत. तेव्हा मृत्युपत्रात पुस्तकांचे हक्क कोणाला ते नाव घालून लिहा. नुसतं "स्थावर-जंगम" लिहून सोडलं की तीन भावंडांच्या सह्या गोळा करता करता निर्माता दुसरीकडे जातो.

टोपणनाव चालतं. पण खरं नाव कधीच उघड झालं नाही तर ही 60 वर्षं मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. म्हणून पुस्तकावर टोपणनाव, करारावर पॅन कार्डवरचं नाव. नाहीतर चेकही वटत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याच्या बाकीच्या बिलाकडेही नीट बघा.

केळीपट्टा:
आधी बोली. रावेर-यावलच्या लेवा पाटीदार समाजाच्या घरात "कोन शे रे तठे" कोणी म्हणत नाही. तिथे लेवा गणबोली, बहिणाबाईंची. अहिराणी ठेवायचीच तर कथा अमळनेर-पारोळ्याकडे न्या, मग केळीऐवजी कापूस येईल. नाहीतर पात्र बाहेरून आलेला सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) करा आणि तसं पहिल्याच पानावर कळू द्या.

दुसरं, माणूस रात्री बागेत गेलाच कशाला? पाण्याच्या मोटारीला ऑटो स्विच असतो, वीज आली की ती आपोआप सुरू होते, आणि पाणी ठिबकने जातं. शेतकरी वाचक इथेच पुस्तक मिटतो. कारण द्या: डीपीवरचा (शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडालाय, एक फेज गेलाय म्हणून मोटार नुसती घुंऽऽ करतेय, फिल्टर चोंदलाय, किंवा वॉल्व्ह फिरवून दुसऱ्या भागाला पाणी सोडायचंय. मोटार घुमत राहिली तर वायंडिंग जळतं, त्यामुळे भीती वाटली तरी त्याला पळून जाता येत नाही. तुमची कथा तिथेच आहे.

भुताआधी बाग दाखवा. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेत घडांना स्कर्टिंग बॅग (झाकायच्या पिशव्या) घातलेल्या असतात. बॅटरी फिरवली की डोक्याच्या उंचीवर पांढऱ्या पिशव्यांची रांग, वारा नसतानाही एखादी हलते. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग तपकिरी-काळा पडतो, धुऊन जात नाही. सकाळी बायको तो सदरा हातात धरून विचारेल, हे कशाचं? इथे रक्त लिहूच नका.

सातपुड्याकडे सरकलात तर डाकिणीची कथा खऱ्या पाड्याचं नाव घालून लिहू नका. अमुक बाई करणी करते म्हणून तिला छळणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि असं छळलं जाणं अजून संपलेलं नाही. गाव कल्पित ठेवा.

रातपाणी:
बोलीचं लक्षातच आलं नव्हतं. सालदार पारोळ्याचा करतो. फाइल कशात पाठवू?

सोळापानी:
युनिकोडमध्ये वर्ड फाइल, सोबत पीडीएफ. जुन्या फॉन्टमध्ये बदलताना पहिला बळी 'ऱ्य'चा जातो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि सातपुड्यात समुद्र येतो. प्रूफ आलं की वाऱ्या, दोऱ्या, कोपऱ्या असले शब्द आधी शोधा, मग कथा वाचा.