शब्दचर्चा : ‘वजन’, ‘वस्तुमान’ आणि आपला रोजचा ‘जड’

विचारणा (विज्ञान शिक्षिका, रेणापूर तालुका, जि. लातूर)

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि दर वर्षी माझी गाडी या पाठात एकाच जागी अडते. वस्तूत सामावलेला द्रव्यसंचय म्हणजे वस्तुमान आणि त्याचे एकक किलोग्रॅम. पृथ्वी ज्या बलाने वस्तूला आपल्याकडे ओढते ते बल म्हणजे वजन आणि त्याचे एकक न्यूटन. मुले हे पाठ करतात, दोन गुणांचे उत्तर बिनचूक लिहितात आणि पुढच्याच प्रश्नात ‘चंद्रावर वस्तुमान एक षष्ठांश होते’ असे लिहून मोकळी होतात. परवा एका मुलाने उभे राहून विचारले, “मॅडम, आरोग्य तपासणीत माझं वजन बेचाळीस किलो भरलं. कार्डावर तसं लिहून दिलंय. मग ते चूक आहे का?” व्यवहारात तसे म्हणतात, एवढेच मी सांगू शकले आणि ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले.

मला शंका अशी येते की अडचण भौतिकशास्त्राइतकीच शब्दांची आहे. ‘वस्तुमान’ हा शब्द कसा बनला? ‘वजन’ मुळात कुठले? हिंदीतले ‘द्रव्यमान’ आणि ‘भार’ हे शब्द अधिक नेमके आहेत का? आणि ‘गुरुत्व’ म्हटले की मुलांना गुरू ग्रह आठवतो, तर या शब्दातला गुरू नेमका कोण? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. संस्कृतात ‘गुरु’ हे विशेषण आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘जड’. शिकवणारा गुरू आणि आकाशातला गुरू हे त्याच शब्दाचे पुढचे विस्तार होत. छंदशास्त्रात आपण लघू आणि गुरू अक्षरे मोजतो, तिथेही गुरू म्हणजे दोन मात्रांचे, उच्चाराला जड असे अक्षर. वैशेषिक दर्शनात ‘गुरुत्व’ हा पदार्थाचा एक गुण मानला आहे आणि आधार सुटला की वस्तू गुरुत्वामुळे पडते, अशा अर्थाचे सूत्र तिथे आहे. म्हणजे ते गुरुत्व पडणाऱ्या वस्तूच्या अंगचे आहे. तिला कोणी ओढते आहे, असे त्या सूत्रात म्हटलेले नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती आहे आणि आकाशातल्या ‘गुरु’, म्हणजे जड, वस्तूला ती आपल्याकडे खेचते, असे सांगितले. आजचा ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द जडपणा आणि ओढ या दोन कल्पना एकत्र बांधून उभा आहे. वर्गात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते: शब्द ऐकून असे वाटते की ओढणारी एकटी पृथ्वी आणि ओढले जाणारे बाकी सगळे. न्यूटनच्या नियमात ओढ दुहेरी आहे. तुमच्या हातातून सुटलेला खडू पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढतो. फक्त पृथ्वीचे वस्तुमान सहावर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम असल्यामुळे ती हललेली कोणाला कळत नाही.

‘वजन’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले. तोलणे, हा त्याचा गाभा. गझल लिहिणारे ओळीच्या मापालाही वजनच म्हणतात आणि गावात एखाद्याच्या शब्दाला वजन असते तेही याच अर्थछटेने. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीतले अनेकजण शाळा उर्दूतून शिकले. उर्दूत वस्तुमानाला ‘कमियत’, म्हणजे किती आहे ते, असे म्हणतात, वजनाला ‘वज़न’च म्हणतात आणि गुरुत्वाकर्षणाला ‘कशिश-ए-सक्ल’. कशिश म्हणजे ओढ आणि सक्ल म्हणजे जडपणा. आपल्या शब्दाची आणि या शब्दाची घडण तंतोतंत सारखी आहे, हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

‘वस्तुमान’ यातले ‘मान’ हे तापमान आणि पर्जन्यमान यांतले, म्हणजे मोजमाप या अर्थाचे आहे. वस्तूचे मोजमाप ते वस्तुमान. वस्तूच्या कशाचे मोजमाप, हे मात्र हा शब्द सांगत नाही. लांबी आणि आकारमान हीही वस्तूची मापेच आहेत. त्या दृष्टीने ‘द्रव्यमान’ थोडे अधिक बोलके आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही मी वस्तुमानाच्याच बाजूने आहे, कारण ते आपल्या पाठ्यपुस्तकांत रुजलेले आहे आणि त्याला दुसरा कोणताही व्यवहारी अर्थ चिकटलेला नाही. ‘भार’ तर वजनासाठी अजिबात घेऊ नये. त्याच शब्दावरून आपण विजेचे भारनियमन म्हणतो, विद्युत प्रभार म्हणतो, आणि जुन्या पुस्तकांतला ‘अणुभार’ काढून तिथे ‘अणुवस्तुमान’ आणताना जो त्रास झाला तो आमच्या पिढीने पाहिला आहे.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते गोंधळाचे मूळ वजन आणि वस्तुमान यांपैकी कोणत्याच शब्दात नाही, ते ‘जड’ या शब्दात आहे. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ ‘वस्तुमान’ नसते, ‘जड’ असते. आणि मराठीत जडचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक, उचलायला अवघड. दुसरा, आपण होऊन न हलणारा, अचेतन, ज्या अर्थाने कीर्तनात जड आणि चेतन अशी जोडी येते. नववीच्या पुस्तकातले ‘जडत्व’ या दुसऱ्या अर्थावरून बनले आहे, पण मुले ते पहिल्या अर्थाने वाचतात आणि जडत्व म्हणजे जडपणा, जडपणा म्हणजे वजन, असा धागा जोडून मोकळी होतात. त्यांचे फार चुकते असेही नाही, कारण रोजच्या अनुभवात दोन्ही जडपणे एकत्रच भेटतात. ते वर्गात एकमेकांपासून सुटे करून दाखवावे लागतात: जी वस्तू उचलायला जड तिचे वजन जास्त, जी वस्तू जागची हलवायला आणि हलती थांबवायला जड तिचे वस्तुमान जास्त. ‘जड’च्या आधी क्रियापद आले की अर्थ आपोआप वेगळे होतात. व्याख्या त्यानंतर द्यावी.

तुमच्या विद्यार्थ्याच्या कार्डाविषयी. त्याला चूक म्हणू नका. वजन शब्दाचा हा दुहेरी वापर एकट्या मराठीत नाही. किलोग्रॅम वस्तुमानाचे की वजनाचे, हा घोळ युरोपातही इतका होता की १९०१ साली वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ठरावच करावा लागला: किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी आहे. मोठ्यांना जे ठराव करून मिटवावे लागले, तिथे पंधरा वर्षांचे मूल अडखळले तर त्यात नवल नाही. कार्डावरचे ४२ किलो हे त्याचे वस्तुमान आहे, बाजाराच्या भाषेत त्याला वजन म्हणतात. पुस्तकाच्या भाषेत त्याचे वजन ४२ गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ४१२ न्यूटन. यातले ९.८ हे पृथ्वीचे गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितके मीटर प्रति सेकंद वाढतो तो आकडा. चंद्रावर हे वजन सुमारे ६९ न्यूटन होईल आणि ४२ किलो तसेच राहतील.

पुरवणी (अडत व्यवसायातील वाचक, लातूर)

गुरुजींचे उत्तर वाचून मोंढ्यातला अनुभव सांगावासा वाटला. आमच्याकडे ‘वजन’ला आणखी एक अर्थ आहे. तागडीच्या पारड्यात टाकायचा लोखंडी ठोकळा, त्यालाही आम्ही वजनच म्हणतो. “वजनं कुठं ठेवली?” असे विचारले तर हमाल न्यूटन शोधणार नाही, ठोकळे आणून देईल. तागडीत एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजने असतात; पृथ्वी दोन्ही पारडी एकाच मापाने ओढते, म्हणून तागडी चंद्रावर नेली तरी एक किलो तूर एक किलोच भरेल. म्हणजे तागडी वस्तुमान तोलते. आता आलेला इलेक्ट्रॉनिक काटा मात्र मालाचा दाब ओळखतो आणि आतल्या हिशेबाने त्याचे किलो करून दाखवतो. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ आहे. एका क्विंटलमागे हा फरक अर्ध्या किलोच्या आसपास जातो. म्हणून काटा ज्या ठिकाणी वापरायचा तिथे प्रमाणित वजने ठेवून जुळवून घ्यावा लागतो, आणि वैधमापन खात्याची पडताळणी असते तीही अशीच वजने ठेवून होते.

जुन्या लोकांचा शेर तर वजनी आणि मापी असा दोन्ही होता. पायलीने जोंधळा मोजला की आकारमान मोजले जायचे, वजन नव्हे. ओला दाणा फुगतो, म्हणून पायलीत दाणे कमी मावतात, हे आमच्या आजीला पक्के ठाऊक होते.

गुरुजींनी ‘उचलायला जड’ आणि ‘हलवायला जड’ असे दोन भाग केले, ते आमचे हमाल रोज जगतात. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेणे वेगळे आणि तसेच बारा कट्टे लादलेला हातगाडा सपाट फरशीवर ढकलणे वेगळे. गाड्यावरचा सगळा बोजा चाके आणि जमीन पेलत असतात, माणसाला काहीच उचलायचे नसते. तरीही गाडा सुटायला दोघे लागतात आणि एकदा सुटला की त्याच्यापुढे कोणी उभे राहत नाही. चाकांना वंगण कितीही घाला, ही अडचण जात नाही.

पुन्हा विचारणा (विज्ञान शिक्षिका, रेणापूर तालुका)

आपणा दोघांचे मनापासून आभार. हातगाड्याचा दाखला मी वर्गात सांगितला, आणि तो डोळ्यांनी दिसावा म्हणून शाळेच्या आवारातल्या लिंबाच्या फांदीला लांब दोरांनी दोन सारखे तेलाचे डबे टांगले, एक रिकामा आणि एक वाळूने भरलेला. दोन्ही डबे दोराने पेललेले होते, म्हणजे मुलांच्या हाताला उचलण्याचे काम नव्हते. एका बोटाने हलकेच ढकलायला सांगितले. रिकामा डबा लगेच गेला. भरलेल्या डब्याने बोट मागे वाकवले. मग झोके घेणारा डबा तळाशी आला की तळहाताने थांबवायला लावला. भरलेला डबा थांबवताना एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हा ऐकतच नाही.” जडत्वाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

पण दोन नवे प्रश्न उभे राहिले. दोन्ही डबे सारखेच लांब सोडले तर सारख्याच वेळात झोका पूर्ण करतात, हे मुलांनी मोजून पाहिले. भरलेला डबा हलायला जड आहे तर तो मागे का पडत नाही? दुसरा प्रश्न ‘वजनरहित अवस्था’ या शब्दाचा. अवकाशस्थानकात पृथ्वीची ओढ असते की नसते?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई)

ताई, तुमच्या मुलांनी जे मोजले ते न्यूटनने स्वतः मोजले होते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त तो सांगतो की त्याने सारख्या लाकडी पेट्या ११ फूट लांबीच्या दोऱ्यांना टांगून त्यांत सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे नऊ पदार्थ आळीपाळीने ठेवले, आणि झोक्यांच्या वेळात त्याला फरक आढळला नाही. त्या यादीतला गहू मला विशेष जवळचा वाटतो. कारण असे की भरलेला डबा दहापट हट्टी असेल तर त्याला परत तळाकडे आणणारी पृथ्वीची ओढही नेमकी दहापट असते. हट्ट आणि ओढ एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून वेळ तोच येतो. हवा नसेल तर हातोडा आणि पीस एकदम खाली पडतात, तेही याच कारणाने. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीराने ते चंद्रावर करून दाखवले. आणि आपल्या भाषेने दोन्ही जडपणांना एकच शब्द ठेवला, त्याचेही कारण हेच असावे. ते दोघे एकमेकांना कधी सोडतच नाहीत.

‘वजनरहित’विषयी माझे मत तुमच्या पुस्तकापेक्षा थोडे कडक आहे. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते आणि तिथे गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास असते. म्हणजे पुस्तकाच्या व्याख्येने अंतराळवीराचे वजन जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक आहे. नाहीसा झाला आहे तो आधार. स्थानक, माणूस, त्याच्या हातातला चमचा, सगळे एकत्र पडत आहेत, म्हणून कोणी कोणाला दाबत नाही. माळेगावच्या यात्रेत मोठ्या पाळण्यात बसलेल्या मुलाला हे समजावणे सोपे आहे. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो. त्या क्षणी पृथ्वीने ओढणे कमी केलेले नसते, बसायच्या फळीने वर रेटणे कमी केलेले असते. मी वर्गात ‘आधाररहित’ हा शब्द वापरीत असे आणि परीक्षेत पुस्तकातलाच शब्द लिहा, असे बजावीत असे.

शेवटची विचारणा (विज्ञान शिक्षिका, रेणापूर तालुका)

सर, काल घटक चाचणी घेतली. ‘पृथ्वीवरची वस्तू चंद्रावर नेली तर तिच्या वस्तुमानात आणि वजनात काय बदल होईल?’ असा दोन गुणांचा प्रश्न होता. कार्डाची शंका विचारणाऱ्या मुलाने एकच ओळ लिहिली आहे: ‘उचलायला हलकी होईल, ढकलायला तेवढीच जड राहील.’ दोन्ही पारिभाषिक शब्द उत्तरात नाहीत. गुण किती द्यावेत?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई)

पूर्ण द्यावेत, ताई. आणि वही परत देताना त्याला त्या ओळीखाली कोणता शब्द कुठे बसतो ते लिहायला सांगावे.